सोबत्याची सही

१० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, आधी खुर्ची ओढ. तुझा धाकटा भाऊ, वय वर्षं सदुसष्ट, सहलीला निघाला आहे. आणि एकटा नाही, तुला घेऊन. चार दिवस, दहा माणसं, एक गाईड. तीन दिवस वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या आणि चौथ्या दिवशी समुद्र. माहितीपत्रक सोबत ठेवलंय, त्यातलं शेवटचं चित्र नीट बघ. वाळूची टेकडी उतरत उतरत थेट लाटांत शिरते. मध्ये ना रस्ता, ना झाड, ना भिंत. चिमणी नोकरी करते त्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर कुणी गिऱ्हाईक हे पत्रक विसरून गेलं होतं. ते न्यायला कुणी परत आलं नाही, हे माझं नशीब.

चाळीस वर्षं फौंड्रीत वाळू उपसलीत आणि आता पुन्हा वाळूच बघायला निघालात का, असं चिमणीनं आपल्या बापाला विचारलं. तूही विचारशील. पण ताई, आमची वाळू म्हणजे काळी. कोळशाची भुकटी आणि चिकणमाती घालून मळलेली, रोज भाजलेली, रोज चाळून पुन्हा वापरलेली. पेटीत ठोकून साचा करायचा, वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा, निवला की फोडायचा, की लगेच दुसरी पेटी. मी जन्मभर वाळू पाहिली ती पत्र्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात. कुणाचा हात न लागलेली वाळू कशी दिसते ते एकदा बघायचंय. एवढंच आहे, फार खोलात शिरू नकोस.

तयारी जोरात चालू आहे. शेजारी इमारतीचं बांधकाम आहे, तिथे वाळूचा मोठा ढीग आहे. रोज सकाळी सातला मी त्याच्यावर चढायचा सराव करतो. पहिल्या दिवशी वॉचमन अंगावर धावून आला. वाळवंटाची तयारी करतोय म्हटल्यावर बाजूला झाला. वेड्याशी वाद नको, असा त्यानं विचार केला असणार. आता तोच माझ्यासाठी स्टूल आणून ठेवतो.

आता कामाचं. साठीच्या पुढच्या प्रवाशाबरोबर घरचं एक माणूस लागतं, त्याला वयाची अट नाही, आणि त्या सोबत्यानं फॉर्मवर सही करून द्यायची की याला छातीचा किंवा हृदयाचा कसलाही आजार नाही. चिमणीला दुकानातून सुट्टी नाही. तू मोकळीच आहेस. निघायचं २८ नोव्हेंबरला, पण फॉर्म पंधरा ऑक्टोबरच्या आत पोचायला हवा. फोनच केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा येतो. तेव्हा सही करून उलट टपाली पाठव.

लोभ आहेच, सहलीपुरता थोडा वाढवावास ही विनंती.

तुझा,
गोट्या


१७ सप्टेंबर

चि. गोट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं, पत्रक मिळालं, फॉर्मही मिळाला. बसूनच वाचलं. एकाहत्तराव्या वर्षी मला वाळूत चालवायला निघालास, तुझ्या डोक्यावरचे केस गेले तेव्हाच आतलंही काही गेलं असणार असं मला वाटलंच होतं. तरी खरं सांगते, ते शेवटचं चित्र मी चार वेळा काढून बघितलं. काल कपाटातून माझे जुने कॅनव्हासचे बूट काढले. तळ शाबूत आहेत, नाड्या तेवढ्या नव्या घालायच्या.

पण मी पस्तीस वर्षं नर्स होते आणि त्यातली शेवटची अकरा छातीच्या वॉर्डात काढली. काही गोष्टी न सांगता दिसतात, त्याला माझा इलाज नाही. पूर्वी तू अख्खी ओळ एका दमात लिहायचास. या पत्रात दर तीन-चार शब्दांनी पेन थांबलंय, तिथे शाईचा ठिपका पडलाय. आणि सराव करणाऱ्या माणसाला स्टूल कशाला लागतं, हेही मला कळलं नाही. की कळलं, तेच मला बोचतंय.

आता मी सांगते तसं कर. वर्तमानपत्र घे, कुठलीही बातमी मोठ्यानं वाच. श्वास घ्यायला थांबावं लागेल तिथे खूण कर आणि किती शब्द झाले ते मोजून मला कळव. वॉर्डात आम्ही हेच करायचो. घरचा जिना कितीदा थांबून चढतोस तेही लिही. आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला असेल, तर त्याचा रिपोर्ट पाठव. काढलाच नाही असं लिहू नकोस, मला खरं वाटणार नाही.

फॉर्म टेबलावर ठेवलाय, पेन शेजारी आहे. तुझ्या उत्तराची वाट बघते. चिमणीला माझे आशीर्वाद. प्रकृतीला जप, आणि जपतोस अशी थाप मारू नकोस.

तुझी,
ताई


२५ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी मी बावीस शब्द असं लिहिलं होतं. तो कागद फाडला. खरे सहा. कधी सात, ‘आणि’ धरला तर. जिन्याच्या सोळा पायऱ्या आहेत, दोनदा थांबतो. वळणावर थांबलो की शेजाऱ्यांना वाटतं मी खिडकीतून बाहेर बघतोय. म्हणून आता खरंच बघतो.

रिपोर्टची नक्कल जोडली आहे. तुला ती माझ्यापेक्षा चांगली वाचता येईल. वाळूची बारीक धूळ चाळीस वर्षं आत गेली, तिनं फुप्फुसात घट्टे पाडलेत, ते आता भरून येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, असं मी विचारलं. त्यांनी आधी टाळलं, मग सांगितलं की नीट सांभाळलं तर वर्षभर. मी त्यांना म्हणालो की चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर एक वर्षाची नोटीस म्हणजे मालक वाईट नाही. ते हसले नाहीत.

चिमणीला यातलं काही माहीत नाही. जुना खोकला आहे, एवढंच सांगितलंय. तिनं तिच्या आईच्या दुखण्यात चौदा महिने काढले ते तू पाहिलंस. दुकान, दवाखाना, औषधाची रांग, पुन्हा दुकान. त्याला दोन वर्षं झाली आणि आत्ता कुठे ती घरात गुणगुणायला लागली आहे. इतक्यात तिला पुन्हा त्या रांगेत उभं करू नकोस. सहल होऊ दे. परत आल्यावर मी स्वतः तिला समोर बसवून सगळं सांगेन. शब्द देतो.

सही मागतोय ती खोटी आहे, हे मला कळतं. तू वॉर्डात तापाच्या कागदावर कधी अर्धा अंशही इकडचा तिकडे केला नाहीस, तेही ठाऊक आहे. पण मला वाळूत जाऊन मरायचं नाहीये गं. मला ती बघायची आहे. टेकडी चढायचा हट्ट नाही, पायथ्याशी बसेन. बघून घरी येईन आणि मग जे व्हायचं ते शिस्तीत होऊ दे. तू बरोबर असलीस की मला भीती वाटणार नाही. म्हणून तर तुझं नाव घातलं.

मी तुझ्याकडे हट्ट असा कधी केला नाही. हा एक समज. तुझ्या मायेवर सगळं टाकून थांबतो.

तुझा,
गोट्या


३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा फॉर्म अजून आला नाही, म्हणून हे घाईनं लिहितेय. पंधरा तारीख तोंडावर आली आहे. बाबा काही बोलत नाहीत, पण रोज पोस्टमनच्या वेळेला बरोबर जिन्यात सापडतात.

आत्या, तू त्यांना आत्ता बघायला हवं होतंस. मी त्यांच्या नंबरचा काळा गॉगल करून दिलाय, बाजूनं वाळू जाऊ नये असा, कडा झाकलेला. तो घालून ते स्वयंपाकघरात भाजी चिरतात. घोट्याच्या वर येणारे बूट आणलेत, ते घरात घालून फिरतात म्हणून खालचे लोक तक्रार करून गेले. गाईडनं पाठवलेली सूचनांची यादी कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. लांब बाह्यांचे सुती कपडे, नायलॉनचे मोजे नकोत, प्रत्येकी पाण्याच्या दोन बाटल्या, तोंडाला बांधायला मोठा रुमाल. बॅग तीनदा भरून झाली, तीनदा उपसून झाली. आई गेल्यापासून त्यांना काही हवंय असं मी पहिल्यांदा बघतेय. पूर्वी काय आणू विचारलं की काही नको म्हणायचे. परवा त्यांनी आपणहून कंगवा मागितला, आणि मग दोघंही त्यांच्या डोक्याकडे बघून हसत सुटलो.

फक्त एक विचारायचं आहे. त्यांचा खोकला मला आवडत नाही. हसतानाही ते मध्येच थांबतात आणि खुर्चीचा हात धरतात. डॉक्टरांकडे मी बरोबर गेले होते, पण मला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं. बाहेर आल्यावर जुना खोकला आहे, काळजीचं कारण नाही, असं सांगितलं. तू नर्स आहेस. त्यांनी तुला काही कळवलं असेल तर मला खरं सांग, त्यांना न्यायला हरकत नाही ना? तुझी सही आली की मी डोळे मिटून फॉर्म पाठवून देईन.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
चिमणी


९ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून हे तिसरं उत्तर लिहितेय. आधीच्या दोन्हींत सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं. दोन्ही फाडली.

बाळ, तुझे बाबा ठीक नाहीत. त्यांच्या छातीत फौंड्रीतल्या वाळूची धूळ साठली आहे, तिनं फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. त्यावर औषध नाही. डॉक्टरांनी वर्ष म्हटलंय. रिपोर्ट बघून मला तेवढंही वाटत नाही. हे त्यांनी मला कळवलं होतं आणि तुला सांगायचं नाही असंही बजावलं होतं. तुझ्या आईच्या दुखण्यात तू जे सोसलंस, त्यानंतर तुला थोडे दिवस मोकळे मिळावेत म्हणून. त्यात त्यांचं प्रेमच आहे, ते विसरू नकोस.

मग मी का सांगतेय? वॉर्डात मी अशी खूप मुलं पाहिली, ज्यांना घरच्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. ती नंतर व्हरांड्यात आम्हा नर्सना धरून विचारायची की तुम्हाला माहीत होतं, मग आम्हाला का नाही सांगितलंत. मी औषधांचा ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे जायची. तू मला सरळ विचारलंस. तुला मी त्या व्हरांड्यात उभं करू शकत नाही.

फॉर्मवर सही केलेली नाही. जिथे आजार नाही असं छापलंय, त्याच्या खाली माझं नाव मला लिहिता येईना. जायचं की नाही हे आता तू आणि त्यांनी मिळून ठरवा. त्यांच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागाव, मी लांब आहे आणि बहिरी आहे. मी माझ्या भावाचा शब्द मोडलाय, हे मला कळतंय.

धीर धर. मला लिहीत राहा, एवढंच मागते.

तुझी,
आत्या


१९ ऑक्टोबर

ताई,

सहल रद्द झाली. चिमणीनं चौदा तारखेला फोन करून नाव काढून टाकलं. बूट दुकानात परत गेले. गॉगल नंबरचा असल्यामुळे कुणाला चालणार नाही, म्हणून तो आहे.

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातातली रिकामी पिशवीसुद्धा काढून घेते. आंघोळीला गेलो की दाराबाहेर उभी असते. वाळूच्या ढिगावर जायचं बंद. टपालपेटी बघायला दिवसातून एकदा जिना उतरायचा, एवढी परवानगी मागून घेतली आहे. घरात गुणगुणणं बंद झालंय.

नर्स म्हणून तू बरोबर वागलीस. मी पत्र नर्सला लिहिलं नव्हतं.

गोट्या


७ नोव्हेंबर

चि. गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझं चुकलं. चिमणीला सांगितलं ते चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही. पण सांगून हात झटकले, तुम्ही दोघं ठरवा म्हणून मोकळी झाले, ते चुकलं. तुझ्या नावाशेजारी माझं नाव होतं. ठरवायला मी तिथे असायला हवी होते. मला माफ कर.

आता नीट वाच. मी त्या गाईडला पत्र लिहिलं. तुझा आजार, तुझे सहा शब्द, सोळा पायऱ्या, सगळं कळवलं आणि असल्या माणसाला काय दाखवता येईल ते विचारलं. त्याचं उत्तर आज आलं. माणूस मोजकं लिहिणारा, पण सरळ दिसतो. तो म्हणतो, टेकड्यांवरचे तीन दिवस विसरा, तिथे धूळ उडते. चौथ्या दिवसाच्या जागी तो तुला थेट नेईल. त्याच्याकडे रुंद टायरची गाडी आहे, ती किनाऱ्यावरून ओल्या वाळूतून चालते. सकाळी वारा पडलेला असतो, त्या वेळेला वाळूची टेकडी पाण्यात उतरते तिथे गाडी उभी करेल. खाली घडीची खुर्ची टाकून देईल. बसायचं तितका वेळ बसा, म्हणतो. छातीचा आजार असलेले दोघं त्यानं पूर्वी असे नेले आहेत.

माझ्या जुन्या वॉर्डातल्या नर्सनं ऑक्सिजनचा लहान सिलिंडर द्यायचं कबूल केलंय. तो कसा लावायचा हे मला कुणी शिकवायला नको. नवा फॉर्म आला, त्यावर आजार आहे का या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिलं, जागा पुरेना म्हणून कागदाच्या मागेही लिहिलं, आणि खाली सही केली. आज टपालात टाकला. तारीख तीच, २८ नोव्हेंबर. मी चोवीसला तुमच्याकडे पोचते. चिमणीची समजूत मी समोर बसून घालीन, तू मध्ये तोंड घालू नकोस.

रागावला असशील तर तिथे वाळूत बसून दिवसभर रागाव. मला तरी कुठे ऐकू येणार आहे! पण चार ओळी लिही. नुसतं ‘बरं’ असं लिहिलंस तरी चालेल.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई


६ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. बाबा गेल्यावर तू आठवडाभर इथे होतीस, शेजारी झोपत होतीस, माझ्या केसांतून हात फिरवत होतीस. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाला आलं आणि परत गेलं, असं निदान दहा वेळा झालं. म्हणून आता लिहितेय.

तू मला विचारलंस की माझं पत्र वाचून गोट्या काय म्हणाला. मी म्हटलं, हसले आणि पत्र उशाखाली ठेवलं. तू रडलीस आणि मग तुला शांत झोप लागली. आत्या, ते खोटं होतं. बाबांनी तुझं पत्र वाचलं नाही. मी त्यांना दिलंच नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते स्वतः जिना उतरून टपालपेटी बघायचे. मग पायऱ्या झेपेनात, म्हणून पोस्टमनला मी आमचं टपाल दुकानात द्यायला सांगितलं. तुझं पत्र बारा तारखेला आलं. मी काउंटरवरच फोडलं. वाचून झाल्यावर गिऱ्हाईकाला चुकीची काच दिली. बाबांना हे दाखवलं तर ते त्याच क्षणी उठून बॅग भरायला लागतील, दिवसरात्र तेच करतील आणि उरलेला दम त्यातच घालवतील, असं मला वाटलं. शुक्रवारी डॉक्टर यायचे होते. त्यांना विचारून मग देऊ, असं ठरवलं. शुक्रवारी त्यांच्या अंगात ताप निघाला. ताप उतरला की देऊ, असं ठरवलं.

आणि खरं सांगायचं तर मला तुझा राग आला होता. खरं सांगून मला नाही म्हणायला लावलंस. बूट परत करायला मी गेले, त्यांच्या हातातून पिशवी मी काढून घेतली. आणि आता हो म्हणणारी तू. त्यांच्या डोळ्यांत मी तुरुंगाची पहारेकरी झाले होते आणि तू सिलिंडर घेऊन सोडवायला येणार होतीस. दुकानाच्या खणात ते पत्र ठेवताना हेही माझ्या मनात होतं.

रोज संध्याकाळी मी घरात शिरले की ते विचारायचे, ताईचं काही आलं का? मी नाही म्हणायचे. पाच दिवस त्यांनी विचारलं. सहाव्या दिवशी विचारलं नाही. त्या रात्री म्हणाले की ताईला फार लागलं असणार, मी तसं लिहायला नको होतं, नमस्कारसुद्धा घातला नाही. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, आत्या. पत्र त्या दिवशी खणातून काढून बॅगेत घातलं होतं, बॅग खुंटीला होती. वीस तारखेला दुपारी ते गेले.

तुला सही करून मोकळं होता आलं असतं, तरी तू मला खरं लिहिलंस. म्हणून मलाही हे लपवून ठेवता येईना. तुझं पत्र सोबत परत पाठवतेय. लोभ असू दे असं लिहायचा मला हक्क उरला नाही.

चिमणी


१४ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दहाला आलं. दोन दिवस मी ते उघडत होते आणि पुन्हा घडी घालत होते. तुला माफ केलं असं लिहावं म्हणून तिसऱ्या दिवशी बसले, पण पेन पुढे सरकेना. मी रागावले आहे. गोट्या गेला तो ताई रुसली आहे असं समजून गेला, हे मला सहन होत नाही. भांडी घासताना आठवतं, तसाच हात थांबतो. उगीच गोड लिहून तुला फसवणार नाही.

पण तुझं पत्र पुन्हा वाचताना एका वाक्यापाशी मी अडकले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो स्वतः टपालपेटी बघायला उतरत होता, असं तू लिहिलं आहेस. तर आता माझंही ऐक. त्याचं ते एकोणीस तारखेचं पत्र मला तेवीसला मिळालं. वर नुसतं ‘ताई’ लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला नमस्कार घातला नव्हता. मला त्याचा असा राग आला की मी ते पत्र पालथं घालून ठेवलं. आधी त्यानं लिहावं, मग बघू, असं म्हणत दहा दिवस बसले. छातीच्या वॉर्डात अकरा वर्षं काढलेली बाई मी. दहा दिवस म्हणजे किती, हे आपल्या घरात मलाच कळत होतं. दोन नोव्हेंबरला गाईडला लिहिलं, त्याचं उत्तर पाच दिवसांत आलं. परक्या माणसाला पाच दिवस पुरले.

रुसले नसते तर माझं पत्र त्या पेटीत पडलं असतं आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं काढलं असतं. तू आठ दिवस दाबून ठेवलंस, मी दहा दिवस लिहिलंच नाही. तू निदान त्याच्या काळजीनं ठेवलंस. माझा तर नुसता रुसवा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता तुला माहीत झालं, आणि तुझं मला. जगात ही गोष्ट ठाऊक असलेल्या आपण दोघीच आहोत. आपण एकमेकींना तोडलं तर मग हे घेऊन बसायचं कुठे?

गाईडला गोट्या गेल्याचं कळवलं होतं. त्यानं लिहिलंय की जागा मोडत नाही, अठरा जानेवारीच्या सहलीत धरतो, यायचं असेल तर या. मी जाणार आहे. त्याच्यासाठी जातेय असं म्हणणार नाही, त्याला आता काही दिसायचं नाही. पण ती जागा न बघता मला मरता येईल असं वाटत नाही. दुसऱ्या नावाच्या जागी तुझं नाव घातलंय. नव्या फॉर्मवर सोबत्याची सही लागते, या वेळेला म्हातारी मी आहे आणि सोबती तू. दहा आनंदी माणसांच्या गाडीत मला एकटीला बसवू नकोस. दुकानात सुट्टी देत नसतील तर भांडून घे.

कदाचित चार दिवस आपण एकमेकींशी धड बोलणारही नाही. चालेल मला. तू शेजारी हवीस.

फॉर्म सोबत आहे. येणार असशील तर सही करून पाठव, येणार नसशील तर कोराच पाठव, पण उत्तर त्याच दिवशी टाक. राग आला असला, तरी त्याच दिवशी टाक.

तुझी,
आत्या